उलटी टांगलेली कोरफड

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या दारावर एक कोरफड उलटी टांगलेली आहे. मुळं वर, पानं खाली, बुंध्याला काळा दोरा. दृष्ट लागू नये म्हणून. शेजारची लिंबू-मिरची दर शनिवारी बदलते, कोरफड मात्र गेल्या दिवाळीपासून तीच आहे. तिला मातीचा कण मिळालेला नाही, कुणी पाण्याचा थेंब घातलेला नाही, रस्त्यावरची धूळ दिवसभर अंगावर बसते. बाहेरची दोन पानं सुरकुतली, पण मधून एक नवं पान आलं. आणि ते खाली लोंबत नाही. ते वळलं आणि आभाळाकडे निघालं. उलटं टांगलं तरी वर कुठे आहे हे तिला बरोबर ठाऊक आहे.

"हिला काही लागत नाही, वाऱ्यावर जगते," दुकानातले काका म्हणाले.

कोरफड त्वचेला चांगली, हे आपण इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यातलं नवल निसटून गेलं आहे. भाजलं, लावा कोरफड. उन्हाने चेहरा रापला, लावा कोरफड. मुरमं, कोंडा, टाचांच्या भेगा, सगळ्यावर तीच. पण मुळात अरबस्तानच्या करपलेल्या खडकाळ मुलखातल्या या झाडाच्या पानात माणसाच्या कातडीच्या उपयोगाचं काही असावंच का? झाडाने ते आपल्यासाठी तर केलेलं नाही. मग कशासाठी केलं? मला याचं उत्तर सापडत गेलं ते दारावरच्या त्या कोरफडीपासून. ती वाऱ्यावर कशी जगते हे समजलं की ती त्वचेवर काय करते हेही बरंचसं समजतं.

झाडांची एक जुनी अडचण असते. अन्न तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा, तो आत घ्यायला पानांवरची रंध्रं उघडायला हवीत, आणि रंध्रं उघडली की त्याच दारातून पाणी बाहेर पळतं. आंब्याला, वडाला हा खर्च परवडतो, कारण मुळं खोलवर पाणी ओढत असतात. वाळवंटाच्या काठावरच्या झाडाला तो परवडत नाही. म्हणून कोरफड दिवसभर दारं लावून बसते आणि रात्री, हवा गार झाल्यावर, उघडते. पण रात्री ऊन नसतं, साखर करता येत नाही. मग आत आलेला वायू ती एका आंबट पदार्थात बांधून ठेवते. त्याचं नाव मॅलिक आम्ल. रात्रभर पानातल्या पेशी हे आम्ल साठवत राहतात. उजाडलं की दारं बंद, आणि रात्रीच्या साठ्यातून वायू सोडवून घेत, आतल्या आत, उन्हाच्या जोरावर साखर. पहाटे पान आंबट असतं, संध्याकाळपर्यंत तो आंबटपणा खर्च झालेला असतो.

मॅलिक आम्ल आपल्या जिभेला अनोळखी नाही. थंडीत हरभऱ्याच्या शेतातून पहाटे कापड फिरवून आंब गोळा करतात, त्या आंबेतही हे आम्ल असतं. हरभऱ्याची कहाणी वेगळी आहे, त्याचं आम्ल पानावरच्या बारीक केसांतून बाहेर पाझरतं. कोरफड मात्र आपलं आम्ल आत दडवून ठेवते.

पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव होतं, ही गोष्ट भारतातच एका माणसाच्या लक्षात आली, तीही चाखून. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी पानफुटीचं पान चाखलं, तीच पानफुटी जी आपण लहानपणी वहीच्या पानांत ठेवून तिला कोंब फुटायची वाट बघायचो. पहाटे ते चुक्यासारखं आंबट लागलं, दुपारी त्याला चवच नव्हती, संध्याकाळी ते कडवट झालं. लंडनच्या लिनियन सोसायटीने ही नोंद १८१५ साली छापली. या एका चवीमागे रात्री श्वास घेणाऱ्या वनस्पतींचं अख्खं जग आहे, हे उलगडायला पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली. कोरफड, निवडुंग, अननस ही सगळी त्याच जगातली मंडळी.

दुष्काळ फारच लांबला तर ही झाडं याहून पुढची पायरी गाठतात. रात्रीसुद्धा दारं उघडत नाहीत. पेशींच्या श्वसनातून जो कार्बन डायऑक्साइड सुटतो तोच पुन्हा पकडायचा, तोच पुन्हा वापरायचा. वाढ जवळपास थांबते, पण जीव राहतो. म्हणजे दारावरची ती कोरफड वाऱ्यावरही जगत नाही. कोरड्या महिन्यांत ती स्वतःच्याच श्वासावर तगून असते.

आता पान कापून बघू. बाहेरची साल हिरवी, जाड, मेणचट. तिच्या लगेच आत, पानातल्या नळ्यांच्या कडेने, पिवळ्या चिकाच्या पेशी. कापल्यावर जो कडू पिवळा द्रव ओघळतो तो इथला. आणि मधोमध, पानाचा बहुतेक भाग व्यापून, काचेसारखा पारदर्शक गर. त्यात हरितद्रव्य नाही, म्हणून तो हिरवा नाही. ती पानाची टाकी आहे.

या गराच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ९९ ग्रॅम पाणीच असतं. उरलेला एक ग्रॅम, फार तर दीड ग्रॅम, म्हणजे बाकीचं सगळं. आणि तरीही तो वडीसारखा कापता येतो, बोटात धरता येतो. पाण्याला आकार देऊन उभं करणारा तो एक ग्रॅम कसला असेल? त्यातला महत्त्वाचा वाटा एका लांबलचक साखळीचा आहे. मॅनोज नावाच्या साखरेचे मणी एकामागोमाग ओवलेले, आणि मण्यांना जागोजागी अ‍ॅसिटिलचे छोटे गोंडे लावलेले. या साखळीला अ‍ॅसिमॅनन म्हणतात. साखळी पाण्याच्या रेणूंना धरून ठेवते आणि गोंडे साखळ्यांना एकमेकींपासून जरा दूर ठेवतात. गोंडे काढून टाकले तर साखळ्या एकमेकींना बिलगतात आणि पाण्याची जागा उरत नाही. सब्जाचं बी भिजवलं की त्याभोवती फुगणारा बुळबुळीत थर ही याच जातीची युक्ती आहे. पाणी साठवायचं तर नुसतं भरून चालत नाही, ते धरावं लागतं.

इथे मला आपली त्वचा आठवते. त्वचेचा अगदी वरचा थर कागदाहूनही पातळ असतो, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी. तळहात-तळपाय सोडले तर जवळजवळ सगळ्या अंगावर. मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर आणि त्यांच्या सांध्यांत स्निग्ध पदार्थ. बाहेर कोरडी हवा, आत ओलसर देह, आणि मध्ये एवढाच आडोसा. अरबस्तानातल्या पानापुढे जो प्रश्न होता तोच आपल्यापुढेही आहे: आतलं पाणी आत कसं ठेवायचं? कोरफडीने त्यावर दोन उपाय शोधले. आत पाणी धरणारा गर आणि बाहेर पाणी अडवणारी मेणचट साल. दोन्ही मिळून तो उपाय पुरा होतो.

आपण मात्र साल सोलून टाकतो आणि नुसता गर चेहऱ्याला लावतो.

ब्राझीलमध्ये २००६ साली झालेल्या एका अभ्यासात हे फार स्वच्छ दिसलं. कोरफडीचा अर्क घातलेलं क्रीम लावल्यावर त्वचेच्या वरच्या थरातलं पाणी वाढलं, पण त्वचेतून हवेत उडून जाणाऱ्या पाण्याचा वेग होता तसाच राहिला. म्हणजे गर पाणी आणून देतो, धरतो, पण झाकण घालत नाही. थंडीत नुसता गर लावून बसलेल्या कितीतरी जणी म्हणतात, तेवढ्यापुरतं मऊ वाटतं आणि नंतर कातडी ओढल्यासारखी होते. त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. गर ओलसर असतानाच वर खोबरेल तेलाचा किंवा साध्या व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला की झाडाने जे केलं होतं ते आपणही केलं. आत गर, वर मेण. कोरफडीच्या गुणांची यादी कितीही लांब असो, माझ्या मते एवढी एक गोष्ट पानाकडून शिकली तर बाकीची यादी मागे पडली तरी चालेल.

गर आंबूस असतो, त्याचाही फायदाच आहे. ताज्या गराचा सामू साधारण साडेचारच्या आसपास येतो आणि निरोगी त्वचेचा पृष्ठभागही आम्लधर्मी, साधारण पाचच्या आसपास असतो. अंगाच्या साबणाचा नऊ-दहा. रात्रीच्या त्या साठवणीचा अंश गरात असतो, आणि त्वचेला तो परका वाटत नाही.

भाजलेल्यावर कोरफड लावली की गार का वाटतं, हेही त्या ९९ ग्रॅम पाण्यामुळेच. गर त्वचेवर पसरतो, चिकटून राहतो, ओघळत नाही, आणि त्यातलं पाणी हळूहळू उडताना उष्णता घेऊन जातं. पण भाजल्यावर पहिला मान नळाच्या पाण्याचा. थंड, वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं, टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फही नाही. कोरफड त्यानंतर, आणि तीही किरकोळ भाजलं असेल, कातडी उघडी पडली नसेल तर. मोठा फोड आला, खोल भाजलं, चेहरा किंवा लहान मूल भाजलं, तर दवाखाना.

याच्या पलीकडेही कोरफड काही करते का? थायलंडमध्ये १९९५ साली भाजलेल्या २७ रुग्णांवर एक अभ्यास झाला. कोरफड लावलेल्या जखमा सरासरी १२ दिवसांत भरल्या, व्हॅसलीनच्या पट्टीखालच्या १८ दिवसांत. २००७ साली अशा चार अभ्यासांची, एकूण ३७१ रुग्णांची, एकत्र मोजदाद झाली तेव्हा कोरफडीच्या बाजूला सुमारे नऊ दिवसांचा फायदा दिसला. नऊ दिवस! ज्याने भाजल्याची आग सोसली आहे त्याला नऊ दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९९८ साली उंदरांच्या जखमांवर कोरफड वापरून पाहिली आणि नव्याने भरून येणाऱ्या कातडीत कोलॅजेन वाढलेलं त्यांना आढळलं. चामडं कमावण्याचा अभ्यास करणारी संस्था जखमेकडे वळावी, याचं सुरुवातीला मला आश्चर्य वाटलं. मग लक्षात आलं की कोलॅजेन म्हणजे कातडीचा ताणाबाणा, आणि तो त्यांच्याइतका कुणाला कळणार? प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की अ‍ॅसिमॅनन जखमेची साफसफाई करणाऱ्या मोठ्या भक्षक पेशींना जागं करतं.

पण हे सांगून थांबलं तर ती अर्धीच गोष्ट होईल, आणि कोरफडीवर माझा जीव आहे म्हणूनच ती मला पुरी सांगायची आहे. १९३५ साली अमेरिकेत कॉलिन्स आडनावाच्या दोघांनी एक प्रकरण छापलं. एका बाईची कपाळावरची कातडी क्ष-किरणांनी होरपळली होती, काही केल्या बरी होत नव्हती. कोरफडीचं ताजं पान लावल्यावर ती भरून आली. या एका लेखामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष पुन्हा कोरफडीकडे वळलं. पुढची साठ वर्षं किरणोपचाराने होरपळलेल्या त्वचेवर कोरफड हा सल्ला तोंडोतोंडी चालत राहिला. मग १९९६ साली स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या १९४ स्त्रियांवर चोख चाचणी झाली. निम्म्या जणींना कोरफडीचं जेल, निम्म्या जणींना तसंच दिसणारं साधं जेल, कुणाला कोणतं हे कुणालाच ठाऊक नाही. दोन्ही गटांत त्वचा सारखीच होरपळली. कोरफडीने वाचवलं नाही.

असे आणखी दाखले आहेत. २००५ साली सोरायसिसच्या ४१ रुग्णांवर कोरफडीचं जेल आणि साधं जेल यांची तुलना झाली, तेव्हा साध्या जेलनेच किंचित जास्त आराम दिला. सिझेरियन किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखम बिघडलेल्या २१ स्त्रियांवरचा १९९१ सालचा छोटा अभ्यास तर चिंतेत टाकणारा आहे. कोरफड लावलेल्या जखमा भरायला सरासरी ८३ दिवस लागले, नेहमीच्या उपचाराने ५३. म्हणून खोल, उघड्या, शस्त्रक्रियेच्या जखमेत घरचा गर भरू नये. आणि उन्हाने रापलेल्या चेहऱ्याला कोरफड गारवा देते, पण ऊन अडवत नाही. टोपी, सुती ओढणी, सनस्क्रीन यांचं काम तिच्यावर टाकू नये.

आता त्या पिवळ्या चिकाबद्दल. शेताच्या बांधावरच्या कोरफडीला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, त्याचं कारण हा चीक. त्यातला कडूपणा मुख्यतः अ‍ॅलॉइनचा. एडिनबरोच्या स्मिथ बंधूंनी तो १८५१ साली वेगळा काढला. हाच चीक वाळवून काळी ढेकळं करतात, ती आपल्याकडे एळिया किंवा काळा बोळ म्हणून विकत मिळतात. बाळाचं अंगावरचं दूध तोडायचं तर आया एळिया उगाळून लावायच्या, इतका तो कडू. पोटात गेला की आतड्यातले जिवाणू त्याचा जुलाब लावणारा पदार्थ करतात. अमेरिकेने २००२ साली तिथल्या दुकानात मिळणाऱ्या जुलाबांच्या औषधांतून त्याला बाहेर काढलं. चिकासकट अख्ख्या पानाचा अर्क उंदरांना दोन वर्षं पाजल्यावर त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठी आल्या, आणि त्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा अर्काला माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत धरलं. हे अख्ख्या पानाबद्दल, पोटात घेण्याबद्दल आहे. सोललेल्या गराबद्दल नाही. पण कुंडीतलं पान सालीसकट मिक्सरला लावून सकाळी पिणाऱ्यांनी, आणि गरोदर बायकांनी तर नक्कीच, हे मनावर घ्यावं. त्वचेवरही हा चीक काहींना खाज आणतो.

म्हणून पान कापल्यावर घाई नको. खालचं, जाड, जुनं पान बुंध्यापासून काढा आणि कापलेली बाजू खाली करून भांड्यात दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा. पिवळा चीक निथळून जाईल. मग धुवा, कडेचे काटे काढा, साल सोला, गराचा तुकडा पुन्हा एकदा धुवा. पहिल्यांदाच लावत असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा, कारण कोरफडीची अ‍ॅलर्जी असणारी माणसंही असतात. आणि लागेल तेवढंच कापा. ताजा गर बोटाला चिकटून तार धरतो, दोनेक दिवसांत तो पाण्यासारखा पातळ होतो. पानातलीच विकरं त्या साखळ्या कुरतडून टाकतात. मणी असतात, माळ राहत नाही.

हीच माळ टिकवणं हे कारखान्यांपुढचं मोठं काम. गर वाळवून त्याची भुकटी करतात. दोनशे भाग गरातून एक भाग भुकटी निघते. ती पुन्हा पाण्यात कालवायची. वाळवताना फार तापवली तर साखळ्या तुटतात. आणि काही ट्यूबमध्ये तर प्रश्न साखळ्या तुटण्याचाही नसतो. २०१६ साली अमेरिकेत एका वृत्तसंस्थेने मोठ्या दुकानांतली काही कोरफड-जेल प्रयोगशाळेत तपासून घेतली. त्यांत कोरफड असल्याची खूणच मिळाली नाही, मिळालं ते माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिठूळ साखरेचा स्वस्त प्रकार. बनवणाऱ्यांनी तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण मला थांबवलं ते तपासणीच्या पद्धतीने. खरी कोरफड ओळखायला रसायनशास्त्रज्ञ तीन पदार्थ शोधत होते: अ‍ॅसिमॅनन, ग्लुकोज आणि मॅलिक आम्ल.

मॅलिक आम्ल! हाइनच्या जिभेला पानफुटीच्या पानात जे आंबट लागलं तेच. रात्री दारं उघडून, हवा घेऊन, ते आंबट काही साठवल्याची खूण ज्या ट्यूबमध्ये नाही, ती ट्यूब कधी पान नव्हतीच.

दुकानातल्या त्या कोरफडीला पावसाळ्यात बुंध्याशी एक पिल्लू आलं. काकांनी ते मोडून माझ्या हातात दिलं, "घ्या, लावा कुंडीत." मोडल्या जागी पिवळा थेंब जमला होता. लगेच मातीत खोचलं तर ते कुजतं, म्हणून मी ते खिडकीत सावलीला नुसतं ठेवून दिलं. पाणी नाही, माती नाही. पहिल्या दिवशी तो थेंब तपकिरी झाला. दुसऱ्या दिवशी कापाच्या कडा आत ओढल्या गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी मी त्यावरून बोट फिरवून पाहिलं. कोरडी, पातळ, घट्ट खपली धरली होती.